पॅकिंगच्या लाकडाची खोली: भिंतीला काय पडतं?

पुण्याजवळ चाकणला कारखान्यांच्या मागे पाईनच्या पॅलेटांचे ढीग दिसले की शेतजमीन असलेल्या माणसाच्या डोक्यात हिशेब सुरू होतो: भंगाराच्या भावात एवढं लाकूड मिळतंय, मग रानातली खोली यातच का उठवू नये? परदेशात अशी घरं आहेत. फूटभर लांबीचे ठोकळे आडवे ठेवून, टोकं आत-बाहेर उघडी राहतील अशा बेतानं चुना-सिमेंटाच्या मालात रचतात. तिकडे याला कॉर्डवुड म्हणतात. खोली उभी राहते, यात शंका नाही. प्रश्न पैशांचा आहे.

बाहेरून 10 बाय 12 फुटांची, 9 फूट उंचीची खोली धरू. चारी भिंतींची लांबी 44 फूट, म्हणजे 396 चौरस फूट. दार आणि दोन खिडक्यांचे 53 वजा केले की उरतात 343. भिंत एक फूट जाडीची, म्हणून तेवढेच घनफूट. (यात कोपरे दोनदा मोजले जातात. राहू द्या, घट-तूट त्यातच भागते.) यातलं साधारण 60 टक्के लाकूड, म्हणजे 206 घनफूट. कापातली नासाडी धरून 227 घ्या.

इथेच पहिली फसगत होते. भिंत घनफुटात मोजतात, भंगारवाला किलोत विकतो. कोरडं पाईन घनफुटाला 14 किलोच्या आसपास भरतं, म्हणजे सव्वातीन टनांच्या आत काम भागतं. किलोला 8 रुपये धरले तर 26 हजार. पण हेच लाकूड ऑगस्टमध्ये घेतलंत तर पाण्याचेही पैसे मोजाल, आणि ते पाणी उडालं की ठोकळा आक्रसून मालातून सुटेल. खरेदी मार्च ते मे दरम्यानच करा. बाभूळ स्वस्त मिळाली तरी नको. जड लाकूड फुगतं-आक्रसतं जास्त.

उरलेल्या 137 घनफुटांपैकी मधल्या चार इंचांच्या पोकळीत चुना मिसळलेला कोरडा भुसा जातो, साधारण 46 घनफूट. आतल्या-बाहेरच्या चार-चार इंचांत माल, 91 घनफूट. अमेरिकेतले रॉब रॉय या बांधकामाचे जुने जाणकार. त्यांचं प्रमाण असं: 9 भाग वाळू, 3 भाग भुसा, 3 भाग चुना, 2 भाग सिमेंट. मालातला भुसा रात्रभर भिजवलेला हवा. त्यानं माल सावकाश सुकतो, भेगा कमी पडतात. कोरडं साहित्य ओल्या मालाच्या 1.3 पट धरलं की वाळू 63 घनफूट (एक ब्रास मागवा, उरेल), चुना 21 घनफूट म्हणजे 300 किलोच्या आसपास, आणि सिमेंटच्या 12 गोण्या. गोणीला 375 धरले तर साडेचार हजार. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या अंदाजपत्रकातला भाव उचलू नका. वाळू, चुना, भुशाला 10 हजार ठेवा.

मजुरीत खरी मेख आहे. गवंडी आणि बिगारी मिळून दिवसाला 1,800 आणि या अनोळखी कामात रोज 20 चौरस फूट धरले, तर 17 दिवस, 31 हजार. खिळे उपटून ठोकळे कापायला आणखी पाच-सहा हजार. हे काम कंटाळवाणं आहे, आणि एक खिळा राहिला तरी करवतीचं पातं जातं. एकूण 77 हजारांच्या घरात.

आता नऊ इंची विटेची भिंत. 257 घनफूट, घनफुटाला 14 विटा, 3,600 विटा. वीट 8 रुपयांची धरली तर 29 हजार, सहा दिवसांची मजुरी 11, सिमेंट-वाळू 8. झाले 48 हजार. दोन्ही बाजूंचं प्लास्टर चौरस फुटाला 45 रुपयांनी आणखी 31 हजार. म्हणजे 79! ठोकळ्यांच्या भिंतीला प्लास्टर लागत नाही, तिची बचत एवढीच. वीट उघडी ठेवायची तयारी असेल तर वीटच स्वस्त. भुशामुळे भिंत उन्हात कमी तापते, हे मात्र ठोकळ्यांच्या बाजूनं.

या 77 हजारांत पाया, छप्पर, सांगाडा काहीच नाही. छपराचा भार आरसीसी किंवा लोखंडी खांबांवरच द्या. ठोकळ्यांनी फक्त मधली जागा भरायची. जोतं दोन फूट आणि वळचण निदान तेवढीच बाहेर हवी, कारण आपला पाऊस आडवा येतो.

पॅलेट घेताना शिक्का बघा. एचटी म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंशांवर निदान 30 मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते घरात नको. ऑइल सांडलेलं, रसायनाचा वास येणारंही नको. पुष्कळांना वाटतं, एचटी लाकडाला वाळवी लागत नाही. लागते. आधीची कीड मेली, एवढाच त्याचा अर्थ. ठोकळ्यांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजावं लागतं, आणि पायाला वाळवीरोधक फवारणी. काही पॅलेटांचे ठोकळे दाबलेल्या भुशाचे असतात, ते पाण्यात फुगून सुटतात. मशिनच्या खोक्याखालचे अखंड जाड तुकडे शोधा.

चाकण पट्ट्यातली बहुतेक गावं पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आहेत, तेव्हा बांधकामाच्या परवानगीसाठी ग्रामपंचायतीच्या कागदावर विसंबू नका. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखली-कुदळवाडीत पिंपरी-चिंचवड महापालिकेनं भंगाराची गोदामं आणि शेड हजारोंच्या संख्येनं पाडली. तिथला ओळखीचा लाकूडवाला आता कुठे आहे, हेही आधी विचारून घ्या.

आणि सव्वातीन टनांचा टेम्पो बोलावण्याआधी तीन फूट बाय तीन फुटांची एक भिंत उघड्यावर रचा, वर पत्र्याचा तुकडा टाका आणि एक पावसाळा जाऊ द्या. दिवाळीत ठोकळ्याच्या कडेला पोस्टकार्ड आत सरकत असेल तर विटांचा भाव विचारायला निघा.