रुग्णवाहिकेचा वेग : एक गणित

काही वर्षांपूर्वी माझ्या मातोश्रींना छातीत कळ येऊन रुग्णवाहिकेतून दवाखान्यात न्यावे लागले. सकाळी दहाची वेळ. बेळगावच्या रस्त्यांवर रिक्षा, सायकली आणि शाळेत निघालेली मुले यांची दाटी होती. भोंगा वाजत होता, टपावरचा दिवा फिरत होता. तरीही चालक प्रत्येक चौकाशी गाडी जवळजवळ उभी करी, दोन्ही बाजूंना पाही आणि मगच पुढे जाई. मी दोनदा त्याला 'लवकर चला' म्हणून ओरडलो. त्याने मागे वळूनही पाहिले नाही. त्या क्षणी मला त्याचा विलक्षण राग आला. मातोश्री पुढे बऱ्या होऊन घरी आल्या आणि मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वर्गात वर्षानुवर्षे गतीची समीकरणे शिकवणाऱ्या माणसाला त्या दिवशी ती आठवली नाहीत, याची लाज वाटली. ते गणित, विद्यार्थिमित्रहो, येथे मांडीत आहे.

प्रथम वेळेचा हिशेब पाहू. दवाखाना ६ किलोमीटर दूर आहे आणि रस्ता पूर्ण मोकळा आहे असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने तेथे पोहोचण्यास ९ मिनिटे लागतात, ६० च्या वेगाने ६ मिनिटे, ८० च्या वेगाने साडेचार. म्हणजे वेग ४० वरून ६० वर नेल्यास ३ मिनिटे वाचतात. ६० वरून ८० वर नेल्यास दीडच. आणि ८० वरून १०० वर नेल्यास केवळ ५४ सेकंद. वेगाची वाढ तेवढीच, पण पदरात पडणारा वेळ उत्तरोत्तर घटत जातो.

आता दुसरी बाजू. चालत्या गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण नववीत शिकतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकने नाहीशी करावयाची ऊर्जा चौपट होते. शिवाय संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो व तेवढ्या काळात गाडी पूर्ण वेगाने धावतच असते. कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणगुणांक ०.७ धरल्यास ४० च्या वेगाने जाणारी गाडी त्या सेकंदात ११ मीटर व ब्रेक लागल्यावर ९ मीटर, अशी एकूण २० मीटरांत थांबते. ८० च्या वेगात हेच आकडे २२ आणि ३६, म्हणजे एकूण ५८ मीटर होतात. या आकड्यांकडे नीट पाहा. पहिली गाडी जेथे सुखरूप उभी राहिली, त्या जागी दुसऱ्या गाडीच्या चालकाचा पाय ब्रेकवर पडलेलाही नसतो. तेथे कोणी मूल उभे असेल, तर ती त्याच्यावर ८० च्याच वेगाने आदळेल.

हे झाले कोरड्या रस्त्याचे. पावसात घर्षणगुणांक ०.४ पर्यंत उतरला, तर ५८ मीटरांचे ८५ होतात. आपल्याच राज्यातील एक दुर्घटना पुष्कळांना आठवत असेल. २० जुलै २०२२ रोजी होन्नावरहून कुंदापूरकडे रुग्णास घेऊन निघालेली एक रुग्णवाहिका उडुपी जिल्ह्यातील शिरूर टोलनाक्यावर ओल्या रस्त्यावरून घसरली. ती येत आहे हे पाहून नाक्यावरील माणसे अडथळे बाजूला करण्यासाठी धावत होती; तोच गाडी गर्रकन फिरली आणि टोलच्या खोलीवर आदळली. चौघे मृत्युमुखी पडले. त्यात जिच्यासाठी ती धाव होती ती रुग्ण व्यक्तीही होती. दोष कोणाचा, हे ठरवणे आपले काम नव्हे. पण चाके एकदा घसरू लागली की सुकाणू चालकाच्या हाती असूनही नसल्यासारखे होते, एवढे त्या दृश्यावरून कोणालाही कळावे.

मग भोंगा कशासाठी, असे कोणी विचारील. भोंगा वाट मागतो. ती मिळालीच, असे त्याचे आश्वासन नाही. अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एकचतुर्थांश होते, आणि हल्लीच्या मोटारींच्या काचा बंद, आत गाणी चालू. समजा, अशा मोटारीतील माणसाला भोंगा ५० मीटरांवरूनच स्पष्ट ऐकू येतो. ४० च्या वेगाने येणारी रुग्णवाहिका त्याला साडेचार सेकंद देते, ८० ची सव्वादोनच. म्हणजे वेग वाढवून चालक स्वतःच्याच भोंग्याची किंमत निम्मी करून टाकतो! दोन दिशांनी दोन रुग्णवाहिका एकाच चौकात येत असतील, तर आपल्या भोंग्याच्या आवाजात दुसरीचा भोंगा ऐकूच येत नाही.

आता माझ्या रागाचे कारण, ते चौकातले थांबणे. बेताने ब्रेक लावून ४० वरून शून्यावर येणे, क्षणभर पाहणे व पुन्हा वेग घेणे, यात माझ्या हिशेबाने आठ-नऊ सेकंद जास्त जातात. असे चार चौक म्हणजे अर्ध्या मिनिटाहून थोडे अधिक. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामधल्या एका शहरात भोंगा व दिवे लावून आणि न लावता केलेल्या प्रवासांची तुलना १९९५ साली प्रसिद्ध झाली. तेथे सरासरी ४३.५ सेकंद वाचले. मोठ्या शहरांत याहून अधिक वेळ वाचतो, हे खरे. त्याच देशात १९९२ ते २०११ या काळात रुग्णवाहिकांचे वर्षाला सरासरी ४,५०० अपघात झाले, त्यांत दरवर्षी सरासरी ३३ माणसे मेली आणि मृतांपैकी ६३ टक्के समोरच्या वाहनातील होती.

आपला कायदाही हेच धरून चालतो. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी तातडीच्या वाहनास लाल दिवा ओलांडण्याची मुभा दिली आहे, पण ती पूर्ण सावधगिरीच्या अटीवर. उलट, अशा वाहनास वाट न देणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. रुग्णवाहिकेच्या मागोमाग मोकळ्या वाटेने स्कूटर पिटाळणाऱ्यांविषयी मात्र काय बोलावे!

गाडीच्या आतले दृश्यही विसरू नये. रुग्णाच्या छातीवर दाब देणारा कर्मचारी उभा किंवा वाकलेला असतो. गाडी एकदम थांबली तरी न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे त्याचे शरीर पुढेच जाते. रुग्णाला निदान स्ट्रेचरचे पट्टे असतात. त्या दिवशी मी मात्र बाकावर न बसता दांडी धरून उभा होतो आणि चालकाला घाई करीत होतो.

येत्या शनिवारी मैदानावर फाटकापासून टेप धरून २० आणि ५८ मीटरांवर चुन्याच्या दोन रेघा आखू. ६० च्या वेगाची तिसरी रेघ कोठे येईल, ते प्रत्येकाने घरून काढून आणावे.