फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो

प्रश्न : माझ्या १९९६ च्या मारुती ८००चे मागचे दिवे लावताच फ्यूज उडतो. सगळं वायरिंग बदलावं का?

उत्तर : एवढ्यात नको. त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडा आणि दिव्यांचं बटण दाबा. तो लख्ख पेटला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. आता वायरिंग हातभर-हातभर हलवत जा. बल्ब विझेल तिथे दोष. डिकीची बिजागरी आणि ओल्या कार्पेटखालची जागा आधी पाहा. उंदीरमामांनाही विसरू नका! हिरवट पडलेलं तांबं कापून तेवढ्याच जाडीची वायर सोल्डर करा, वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती टेप उन्हाने सुटते. मोठा फ्यूज मात्र मुळीच बसवू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.