खाडे, गोळ्या आणि घरखर्च

आमच्या यजमानांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज, व्रण आणि रक्तासकट जुलाब. हा आजार गोळ्यांनी मुळापासून जात नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. सावेडीतल्या आमच्या घराचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून पैशांबद्दल सांगते.

निदान झालं तेव्हा मेडिक्लेमचा आधार वाटला. पण आमची पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरचाच खर्च देते. मेसालामाइनच्या रोजच्या गोळ्या, रक्ताच्या-शौचाच्या तपासण्या, पोटविकारतज्ज्ञांसाठी पुण्याला जाणं-येणं, सगळं खिशातून. त्याहून मोठा फटका पगाराला बसला. आजार उसळला की सारखं संडासला जावं लागतं. नागापूर एमआयडीसीत मशीनवर उभं कसं राहणार? खाडे पडले, ओव्हरटाइम बुडाला. औषधांची बिलं फाईलला लागतात, बुडालेला पगार कुणी मांडत नाही. तो मांडा. तेव्हाच या आजाराची खरी किंमत कळते.

आधी पगाराची स्लिप बघा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि ईएसआय (राज्य कामगार विमा) कापला जात असेल, तर बाह्यरुग्ण उपचार व औषधंही त्यातून मिळतात. पात्र कामगाराला आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. रजेचा डॉक्टरी दाखला वेळेवर घ्या.

बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करून पैसे वाचवू नका. आजार उलटला तर दवाखाना आणि खाडे दोन्ही वाढतात. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वस्त असतात, पण जुन्या चिठ्ठीवर परस्पर आणू नका. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. स्वस्त जेनेरिक हवं असेल तर डॉक्टरांनाच विचारा, कारण मेसालामाइनच्या गोळ्या आतड्यात कुठे विरघळतात हे प्रकारानुसार बदलतं. अडालिमुमॅबसारख्या महागड्या इंजेक्शनांना २०१४ पासून भारतीय पर्याय आहेत, तेही विचारा. इंजेक्शनाआधीची क्षयरोगाची तपासणी खर्चात धरा.

नवा विमा काढताना आजार लपवू नका; लपवला तर ऐन वेळी क्लेम नाकारला जातो. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांचीच आहे.

आजार सुरू होऊन आठेक वर्षं झाली की आतड्याच्या कर्करोगाच्या धोक्यामुळे ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करावी लागते. तिच्यासाठी दर पगाराला थोडी रक्कम बाजूला टाका. किराणा भरण्याआधी गोळ्या भरा. कमावतं माणूस उभं राहिलं तर किराणाही येईल.