सर्वेक्षणातील प्रश्न ओळखा, मगच उत्तर द्या



कृषी गणना, एखादी शासकीय पाहणी किंवा कृषी विद्यार्थ्यांचा अभ्यास अशा निमित्ताने प्रश्नावली घेऊन कोणी ना कोणी आपल्या दारी येते. प्रश्न कसा विचारला, यावर उत्तरात काय येणार हे बरेचसे ठरते. गेवराई तालुक्यातील चकलांबा परिसरातील कपाशीचे उदाहरण घेऊन प्रश्नांचे प्रकार समजून घेऊ.

१) बंदिस्त प्रश्न : "बोंडे किडण्याचे कारण कोणते? बियाणे, औषध की हवामान?" येथे दिलेल्या पर्यायावर फक्त खूण करायची असते. वेळ कमी लागतो व शेकडो उत्तरांची बेरीज करता येते. मात्र पर्यायात नसलेले कारण कागदावर येतच नाही.

२) मुक्त प्रश्न : "बोंडे का किडली असे आपणास वाटते?" यावर एखादा शेतकरी सांगेल, "शेजारची फरदड मार्चपर्यंत उभी होती." गुलाबी बोंडअळी फरदडीवर जगते व पुढील हंगामात पुन्हा येते. म्हणजे नेमके कारण येथे हाती लागले. अशी उत्तरे लिहून घेण्यास व त्यांची वर्गवारी करण्यास मात्र वेळ लागतो.

३) श्रेणीचा प्रश्न : "मिळालेल्या सल्ल्याबाबत आपण पूर्ण समाधानी, काहीसे समाधानी की असमाधानी?" यातून मत किती ठाम आहे ते कळते. भिडेखातर सर्वांनीच "समाधानी" म्हटले, तर उपयोग शून्य.

४) सूचक प्रश्न : "बियाणे बोगसच होते ना?" येथे उत्तर प्रश्नातच दडलेले आहे. असा प्रश्न चांगल्या प्रश्नावलीत नसावा.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण संघटनेने २००३ मध्ये देशातील शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. निवड करता आली तर दुसरा व्यवसाय करू, असा सुमारे ४० टक्के शेतकऱ्यांचा कल दिसला. शेती फायद्याची नाही म्हणून आवडत नाही, असे २७ टक्क्यांनी सांगितले. हा आकडा बंदिस्त प्रश्नामुळेच मिळू शकला. परंतु फायदा का होत नाही, पाणी नाही म्हणून, भाव नाही म्हणून की कर्जामुळे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मुक्त प्रश्नच विचारावा लागतो. म्हणून दोन्ही प्रकारांची जोड हवी.

उत्तर देताना पुढील काळजी घ्यावी :

• आपले कारण पर्यायात नसेल तर "इतर" मध्ये ते लिहून घेण्यास सांगावे.
• उत्पादन एकरी विचारले की हेक्टरी, याची खात्री करावी. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर.
• खर्च व फवारण्या अंदाजाने न सांगता नोंदवहीत पाहून सांगाव्यात.
• प्रश्न सूचक वाटल्यास "ना"ला "हो" न जोडता स्वतःचा अनुभव सांगावा.

चुकीच्या उत्तरांवर बेतलेली शिफारस शेवटी आपल्याच शेतात येते, हे ध्यानात ठेवावे.