शुद्ध प्रत

गुलमंडी ही छत्रपती संभाजीनगरातील जुनी, गजबजलेली बाजारपेठ. तेथील एखाद्या कापडाच्या दुकानाची कल्पना करा. पूर्वी गादीशेजारी लाल खातेवही असे. आता तेथे लॅपटॉप आहे. त्यात दुकानाचा वर्षभराचा जमाखर्च आहे आणि दुकानदाराच्या मुलीने रात्री जागून लिहिलेला निबंधही आहे. एके दिवशी हे यंत्र मंदावते. साधी फाइल उघडावयास पाच मिनिटे लागतात. मध्येच पडदा निळा होऊन सारे काम थांबते. ‘सर्व पुसून टाका व नव्याने भरा,’ असा सल्ला कोणी तरी देतो. परंतु सर्व पुसले, तर जमाखर्च जाईल आणि निबंधही जाईल! मग करावे काय?

प्रथम दुखणे ओळखले पाहिजे. साठवणीची जागा भरली, एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू राहिले किंवा पंख्यात धूळ साचली, तरीही यंत्र मंदावते. हे तपासूनही गुण आला नाही, तर संशय सिस्टिम फाइलींवर येतो. विंडोजचा सारा कारभार ज्या असंख्य फाइलींवर चालतो, त्या सिस्टिम फाइली होत. नवी सुधारणा भरली जात असताना वीज गेली, डिस्क झिजली किंवा व्हायरस शिरला, तर त्यांतील मजकूर बिघडतो.

बिघडलेला मजकूर दुरुस्त कसा करावा? या प्रश्नाचे उत्तर याच परिसरात पूर्वी एका थोर पुरुषाने दिले आहे. गुलमंडीच्या दक्षिणेस पैठण दरवाजा आहे. त्या दिशेने सुमारे ५० किलोमीटर गेले, की गोदाकाठचे पैठण लागते. १२९० साली नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे जवळजवळ ३०० वर्षे लोक तिच्या नकला हाताने उतरवीत राहिले. कोणाकडून शब्द गळला, कोणाकडून बदलला. पैठणच्या संत एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली. ते स्वतः मोठे कवी होते; तरी या ग्रंथात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये, असे त्यांनी बजावले. दुरुस्ती करणाऱ्याने अंदाज बांधावयाचा नसतो. मूळ शोधावयाचे असते.

संगणकातही हीच रीत आहे. विंडोजमध्ये ‘सिस्टिम फाइल चेकर’ नावाचे साधन असते. प्रत्येक सिस्टिम फाइलीवरून गणिताने काढलेली एक खूण आधीच नोंदलेली असते. तिला ‘हॅश’ म्हणतात. फाइलीत एक अक्षर जरी बदलले, तरी ही खूण बदलते. चेकर खुणा ताडून पाहतो आणि जेथे त्या जुळत नाहीत, तेथे डिस्कवर राखून ठेवलेल्या साठ्यातील निर्दोष प्रत आणून बसवितो.

पण तो साठाच बिघडला असेल तर? अशुद्ध पोथीवरून अशुद्ध पोथीच उतरणार! म्हणून जाणता कारागीर आधी ‘डिस्म’ हे दुसरे साधन चालवितो. ते साठा तपासते आणि लागतील त्या शुद्ध फाइली इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टकडून आणते. मागाहून तो चेकर चालवितो. काम चालू असता पडद्यावरचा आकडा बराच वेळ एकाच जागी थांबतो. तरी घाईने यंत्र बंद करू नये.

ही साधने जमाखर्चाला वा निबंधाला हात लावीत नाहीत. पण ते बिघडले, तर दुरुस्तही करू शकत नाहीत. विंडोजची शुद्ध प्रत तिच्या निर्मात्यांजवळ असते. त्या मुलीच्या निबंधाची प्रत दुसऱ्या कोणाजवळ असणार? म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीच अशा फाइलींची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि एरवीही ती वेळोवेळी घेत जावी. ज्ञानेश्वरीच्या प्रती अनेकांनी जपल्या होत्या, म्हणूनच एकनाथांना त्या ताडून पाहता आल्या.

स्वाध्याय
१. लॅपटॉप मंद होण्याची कारणे सांगा.
२. ‘डिस्म’ आधी व चेकर नंतर का चालवावा?
३. एकनाथांचे कार्य आणि चेकरचे कार्य यांतील साम्य व भेद लिहा.