इथिओपियाचा दुष्काळ आणि परकीय मदत

दुष्काळ म्हणजे धान्याचा तुटवडा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इथिओपियाचा इतिहास वेगळे सांगतो. १९७३ मध्ये त्या देशाच्या वोलो प्रांतात माणसे उपासमारीने मरत असताना तेथील बाजारात धान्याचे भाव फारसे चढले नव्हते. उलट काही धान्य प्रांताबाहेर जात होते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हे दाखवून दिले. धान्य होते; ते विकत घेण्याची ऐपत कुळांकडे, मजुरांकडे आणि गुराख्यांकडे उरली नव्हती. सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीने हा दुष्काळ दडवला. पुढल्याच वर्षी ती कोसळली.

१९८४ चा दुष्काळ मात्र जगाने दूरचित्रवाणीवर पाहिला आणि मग धान्याची जहाजे निघाली. तोवर फार उशीर झाला होता. मेंगिस्तू यांच्या मार्क्सवादी सरकारवर रोष असल्याने अमेरिकेने तातडीचे धान्य दिले, पण शेतीविकासासाठी हात आखडता घेतला. मेंगिस्तू यांनीही बंडखोर भागांविरुद्ध भुकेचा शस्त्रासारखा वापर केला. लाखो जीव गेले. त्यानंतर वर्षानुवर्षे तोच क्रम चालला : पाऊस हुकला की याचना, मग धान्य, आणि पुढच्या वर्षी पुन्हा याचना.

२००५ मध्ये इथिओपिया सरकार, जागतिक बँक आणि देणगीदार देशांनी ही रीत बदलली. सतत अन्नटंचाई सोसणाऱ्या सुमारे पन्नास लाख लोकांसाठी अनेक वर्षांचा निधी आधीच ठरवण्यात आला. धडधाकटांनी बांधबंदिस्ती, तळी, रस्ते यांची कामे करावीत आणि रोख रक्कम किंवा धान्य घ्यावे. वृद्ध-अपंगांना कामाशिवाय मदत मिळावी, अशी ही योजना.

ज्यांच्या घरात १९७२ च्या आठवणी आहेत, त्यांना हे ओळखीचे वाटेल. मिलो खाऊन, सुकडीवर मुले जगवून माझ्या आईने खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली. त्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. काम हा हक्क झाला. ते न मिळाल्यास बेकारी भत्ता मागता येऊ लागला. इथिओपियाची योजना मात्र बरीचशी परदेशी पैशावर उभी आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत एकाएकी रोखली, तेव्हा तेथील भुकेल्या माणसाने कोणत्या कचेरीत दाद मागावी?

एका बाबतीत मात्र इथिओपियाचे पारडे जड आहे. १९७५ च्या कायद्याने तेथील जमीनदारी संपली, कसणाऱ्याला जमीन कसण्याचा हक्क मिळाला. त्यामुळे डोंगरउतारावर दगडी बांध रचणाऱ्याच्या स्वतःच्या तुकड्यातही माती आणि ओल टिकू शकते. आईने माती वाहिलेला पाझर तलाव अजून भरतो. त्याच्याखालच्या विहिरी ज्यांच्या शेतात आहेत, त्यांचा ऊस उभा आहे. आमची तेथे जमीनच नव्हती.