पॅडवाल्या पोराचं करायचं काय?

मुलगा पॅड वाजवतो याची लाज वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीत सहसा कुणाला वाटत नाही. वरातीत, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, नवरात्रात गर्दी त्याच्याच भोवती असते. घरच्यांच्या पोटात गोळा येतो तो बारावीनंतर फॉर्म भरताना, ‘मला हेच करायचंय’ असं तो म्हणतो तेव्हा.

पालकांनी आधी एक फरक समजून घ्यावा. तयार गाण्याला गाणं जोडणं हे बहुतेक डीजेंचं काम. ड्रम मशीन, सॅम्पलर आणि लूप घेऊन उभा राहिलेला वादक मात्र मोकळ्या यंत्रापासून सुरू करतो. एक ठेका भरतो, तो फिरत ठेवतो, त्यावर दुसरा थर चढवतो. मग समोरची माणसं पाहून खालचा ढोल बंद करतो, ढोलकी उघडतो आणि चार आवर्तनांनी ढोल पुन्हा सोडतो. एक ठोका चुकीच्या जागी पडला तर तो दर फेरीला परत येऊन सतावतो. तेव्हा थांबता येत नाही. त्याच चुकीतून नवी चाल काढावी लागते. कस लागतो तो इथे.

म्हणून सोयाबीनचे पैसे आले की लगेच यंत्र आणू नका. आधी लय. बहुतेक ड्रम मशीनचा साचा १६ घरांचा असतो. तीनतालाच्या १६ मात्रा, केरव्याच्या ८ त्यात सहज बसतात. दादरा सहा मात्रांचा, म्हणजे फेरी १२ घरांची करावी लागते. सात मात्रांच्या रूपकाला १४ घरांची. हा हिशेब ज्याच्या बोटांत आहे तो यंत्राला वळवतो, नाहीतर यंत्र त्याला चार-चारच्या चाकोरीत फिरवत राहतं. दोन वर्षं तबला किंवा ढोलकी शिकू द्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या परीक्षा दिल्या तर हातात कागदही राहतो. सरावाला संगणकावर एलएमएमएस, हायड्रोजन ही फुकटची साधनं आहेत, ‘एबलटन लाइव्ह’ नंतर पाहता येईल. मी तर म्हणेन, फुकटच्या साधनावर ज्याला वर्षभरात कंटाळा आला त्याचे पैसे वाचले.

मुंबईच्या चरणजित सिंग यांचं उदाहरण मी पालकांना मुद्दाम सांगतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस. १९८२ साली त्यांनी रोलँडची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. त्याची तबकडी तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांनी डोक्यावर घेतली. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. मधली अठ्ठावीस वर्षं त्या तबकडीवर घर चाललं नसतं. पोट भरलं ते स्टुडिओतल्या आणि बँडच्या कामावर.

आजही हिशेब तसाच आहे. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, आषाढात मंदावतो, गणपती-नवरात्रात पुन्हा उठतो. मधल्या महिन्यांसाठी दुसरी कमाई हवी: ध्वनिमुद्रण, ध्वनियंत्रणा जोडणं, लघुपटांना आवाज देणं, क्लास. त्यासाठी पदवी सोडू नका. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीच्या अभ्यासक्रमाला पदवी आणि बारावीला भौतिकशास्त्र मागत आले आहेत. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहा, पण अकरावीत विज्ञान घेणाऱ्याने हे आधीच डोक्यात ठेवावं.

आता माझ्या आवडीची गोष्ट. यंत्रात कंपनीने भरलेले आवाज पुण्यातही तेच आणि बर्लिनमध्येही तेच. वाशीम जिल्ह्याकडे मात्र स्वतःचे आहेत. पोहरादेवीला बंजारा समाजाच्या वारशाचं संग्रहालय ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडलं, तेही नंगाऱ्याच्या आकाराचं. तांड्यावरचा नंगारा, तुकडोजी महाराजांच्या परंपरेतल्या भजनाची खंजिरी, वरातीतलं डफडं, मळणीयंत्राची घरघर मोबाइलवर नीट मुद्रित करून सॅम्पलरमध्ये भरली तर मेडशीचा पोरगा मुंबईच्या मंचावर चटकन वेगळा ऐकू येईल. वादकाला विचारून मुद्रण करावं, त्याला पैसे द्यावेत, नाव लिहावं. गाजलेल्या गाण्याचा तुकडा कापून आपल्या नावावर काढणं मात्र महागात पडतं. चाल-शब्दांचा हक्क वेगळा, मुद्रणाचा वेगळा, आणि परवानगी दोन्हींची लागते. स्वतःच्या रचना होऊ लागल्या की आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्यावं, म्हणजे मानधनापलीकडे रॉयल्टीचीही वाट उघडते.

कानांकडे लक्ष द्या. ८५ डेसिबलच्या वर रोज तासन्‌तास राहिलं तर गेलेलं ऐकणं परत येत नाही. कानातली बुचं पहिल्याच कार्यक्रमाच्या मानधनातून घ्यावीत. आणि तो पहिला कार्यक्रम ठरवताना सुपारी, गाडीभाडं, जेवण, वेळ हे सगळं आयोजकाकडून मोबाइलवर लिहून घ्यावं, आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख देऊ नये. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा वरात कितीही उशिरा निघाली तरी पूर्ण पैसे मिळतील, हेही त्यातच लिहिलेलं असावं.